निघालेले, टेकलेले, राहणारे: वसंतातलं पाणथळ कसं बघावं

हिवाळ्यात पाणथळ अभयारण्याच्या कुठल्याही मनोऱ्यावर उभं राहिलं तरी बदकांचे थवे दिसतात आणि दुपारपर्यंत यादी भरते. वसंतात तेच पाणी निम्मं रिकामं वाटतं. 'सीझन संपला' म्हणत पुष्कळ जण दुर्बीण कपाटात ठेवून देतात. मला विचाराल तर बघण्यासारखं खरं इथूनच सुरू होतं. या दिवसांत तिथे तीन प्रकारची मंडळी एकाच वेळी असतात: निघायच्या तयारीतले पाहुणे, वाटेत दोन-चार दिवस टेकलेले वाटसरू, आणि इथेच घरटं करणारे. समोरचा पक्षी या तिघांपैकी कोण, हा प्रश्न दर वेळी स्वतःला विचारायचा. नाव पुस्तकात नंतरही सापडतं. तो तिथे काय करत होता ते मात्र तेव्हाच बघावं लागतं.

दिवस आणि वेळ

उत्तर गोलार्धात हा काळ साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचा. जिथे पक्षी हिवाळा काढतात त्या उष्ण भागांतून बदकं लवकर हलतात. थंड प्रदेशात तीच बदकं मार्च-एप्रिलमध्ये पोचतात. चिखलात चालणारे लांब पायांचे पक्षी, म्हणजे तुतारी, टिलवे, मालगुजे यांच्यापैकी बरेच जण उशिरा निघतात, कारण टुंड्रातला बर्फ वितळायच्या सुमारास त्यांना तिथे पोचायचं असतं. लवकर पोचून उपयोग नाही. खायलाच काही नसतं. त्यामुळे बदकं गेल्यावरही चिखलाच्या काठाकडे लक्ष ठेवा.

तारखेपेक्षा वारा जास्त सांगतो. उत्तरेकडे जाणाऱ्यांना दक्षिणेचा वारा मागून रेटा देतो. आकाश निरभ्र, वारा पाठीशी अशी रात्र गेली की सकाळी पाणथळ रिकामं सापडण्याची शक्यता जास्त. उलट, रात्री पाऊस झाला किंवा वारा समोरून फिरला की उडणारे थवे मिळेल त्या पाण्यावर उतरतात. अशा रात्रीनंतरची पहाट चुकवू नका. (दक्षिण गोलार्धात वसंत सप्टेंबरला सुरू होतो आणि प्रवासाची दिशा उलट असते, वाऱ्याचा हिशेबही उलटा धरायचा.)

खाडीकाठचं पाणथळ असेल तर आधी भरतीचं वेळापत्रक बघा, मग घड्याळ. ओहोटीला पक्षी मैलभर चिखलात पांगलेले असतात. पाणी चढायला लागलं की तेच काठाकडे सरकत येतात. पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी जागेवर बसून राहिलात तर पक्षी स्वतःहून जवळ येतात. गोड्या पाण्याच्या तळ्यावर हे काम उतरती पातळी करते. काठावर बोटभर पाणी आणि ताजा उघडा पडलेला चिखल असला तर तिथेच थांबा.

सूर्य पाठीशी हवा. म्हणजे सकाळी पश्चिमेकडे तोंड केलेलं लपण (पक्षी बघायला केलेली, खिडक्या असलेली आडोशाची जागा), दुपारनंतर पूर्वेकडचं. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी कितीही महागड्या भिंगातून पाहिला तरी विरघळल्यासारखा दिसतो. ते तास झाडाखालच्या चतुरांना आणि कासवांना द्यावेत.

सोबत काय घ्यायचं

८×४२ची दुर्बीण पुरते. आठपट मोठेपणा हातात स्थिर राहतो आणि ४२ मिलिमीटरचं भिंग पहाटेच्या अंधुक उजेडातही चांगलं दाखवतं. दहापटीत पक्षी मोठा दिसतो, पण हाताचा कंपही मोठा दिसतो. मोठ्या जलाशयावर तिकाटण्यावरचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) कामाचा, विशेषतः अभ्यासकांनी ओळखीसाठी पक्ष्यांच्या पायात घातलेली कडी वाचायला. मळकट रंगाचे कपडे, टोपी, पाणी, वही. एवढंच.

पहिली वीस मिनिटं

लपणात शिरल्यावर लगेच दुर्बीण डोळ्याला लावू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी सगळं पाणी बघा: कुठे हालचाल आहे, कुठे सगळे झोपलेत, बोरूच्या आणि पाणकणसाच्या गचपणात कुठे काही हलतंय. तुमच्या येण्याने काठावरचे काही पक्षी सरकलेले असतात. ते पूर्वीच्या जागी परत यायला वेळ लागतो आणि ते परत येईपर्यंत तुम्ही जे बघता ते बिथरलेलं पाणथळ असतं.

मग डावीकडून उजवीकडे सावकाश फिरा. प्रत्येक पट्ट्यावर दोनदा. टिबुकली आणि लालसरीसारखे बुडी मारणारे पक्षी पहिल्या फेरीत पाण्याखाली असतात.

काठ खोलीप्रमाणे वाचा

पाणथळावर कोण कुठे चरणार हे बहुतेक वेळा पायांची आणि चोचीची लांबी ठरवते. कोरड्या काठावर चिखल्या: तुरुतुरु धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. त्याचे डोळे मोठे, चोच आखूड. तो बघून खातो. ओल्या चिखलात टिलवे शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच खालीवर करत पुढे सरकतात. त्यांना किडा दिसायची गरज नसते, चोचीच्या टोकाला तो कळतो. घोटाभर पाण्यात तुतारी, पोटापर्यंतच्या पाण्यात मालगुजे. त्याहून थोडं पुढे गुलाबी, काडीसारख्या पायांचा शेकाट्या. उचाट्या वर वळलेली चोच पाण्यात डावी-उजवीकडे झाडत चालतो.

उथळ पाण्यात चक्रांग आणि तलवार बदक शेपूट वर करून चरतात. थापट्या पसरट चोचीने पाणी गाळत जातो, कधी कधी अनेक थापटे एकामागोमाग गोल फिरतात आणि ढवळून वर आलेलं खातात. खोल पाण्यात लालसरी आणि वारकरी हे काळे पाणपक्षी. हा नकाशा डोक्यात बसला की चुकीच्या जागी असलेला पक्षी आपोआप खटकतो, आणि नवे वाटसरू बहुधा असेच सापडतात.

निघालेले कसे ओळखावेत

पहिली खूण रंगाची. हिवाळाभर राखी-तपकिरी दिसणारे चिखलपक्षी मार्च-एप्रिलमध्ये कपडे बदलतात. काळ्या शेपटीचा मालगुजा मानेपासून विटकरी होतो. बाकदार चोचीची तुतारी पोटाकडून तांबूस होत जाते, सोन चिखल्याचं पोट काळं पडतं. मधल्या दिवसांत निम्मी पिसं जुनी, निम्मी नवी असा ठिगळांचा पक्षी दिसतो. तो आजारी नाही. एकाच थव्यात तीन-चार टप्प्यांतले पक्षी उभे असतात आणि नवशिक्याला त्या तीन-चार जाती वाटतात, तेव्हा आधी आकार आणि चोच बघा, रंग शेवटी.

बदकांच्या बाबतीत मात्र रंगावर विसंबू नका. नर बदकं हिवाळ्यातच रंगीत होतात आणि जोड्याही तिथेच जमवतात, म्हणून एप्रिलमधला चकचकीत थापट्या इथे घरटं करणार असं अजिबात समजायचं नाही.

दुसरी खूण पोटाची. लांबच्या प्रवासाआधी पक्षी चरबी साठवतात. काही चिखलपक्ष्यांचं वजन या काळात जवळपास दुप्पट होतं. बाजूने बघितलं तर पायांच्या मागे, शेपटीखाली, पोट फुगून खाली उतरल्यासारखं दिसतं. अशा पक्ष्याचा मुक्काम आता थोडा.

तिसरी खूण संध्याकाळी मिळते. दिवसभर शांत असलेला थवा सूर्यास्ताआधी कलकलाट करू लागतो, उगाच उठतो, एक फेरी मारतो, पुन्हा बसतो. असं दोन-तीनदा होतं. मग कधी तरी उठलेला थवा परत वळत नाही. चढत जातो, ओळ धरतो, आवाज बारीक होत जातो. हे बघायला मिळावं म्हणून मी संध्याकाळ मोकळी ठेवतो. दुर्मीळ पक्षी दिसण्यापेक्षा मला याचं अप्रूप जास्त.

या प्रवासाची अंतरं कल्पनेबाहेरची आहेत. पट्टेरी शेपटीच्या मालगुज्याच्या एका कोवळ्या पिलाने २०२२ साली अलास्का ते टास्मानिया हे सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत, कुठेही न उतरता पार केल्याचं उपग्रह-टॅगमुळे कळलं. तो प्रवास शरद ऋतूतला, हिवाळा काढायला जातानाचा. वसंतात परतताना न्यूझीलंडचे मालगुजे एवढी मोठी एकच झेप घेत नाहीत. ते आधी चीन आणि कोरिया यांच्यामधल्या पीत समुद्राच्या चिखलपट्ट्यांवर उतरतात, काही आठवडे खातात आणि मग अलास्काकडे जातात. म्हणजे वसंतात मान खाली घालून चरणारा पक्षी पुढच्या हजारो किलोमीटरचं इंधन भरत असतो. त्याला फोटोसाठी उठवणाऱ्याला ते इंधन परत देता येत नाही.

टेकलेले

हे सगळ्यांत निसटते. सकाळी दिसले, दुपारी नाहीत. पाण्यावर अचानक घिरट्या घालणारे सुरय, काठावरच्या गवतात शेपूट हलवणारे पिवळे धोबी, एखादा कैकर पाण्यात पाय पुढे करून सूर मारतो आणि मासा डोकं पुढे ठेवून घेऊन जातो. बोरूच्या बेटावर संध्याकाळी हजारो माळभिंगऱ्या रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. त्या वेळी वर बघत राहा, कारण छोटे ससाणे शिकारीला तिथेच येतात.

पट्टकादंब हंसही याच वर्गात येऊ शकतात. हिमालय ओलांडून जाणाऱ्या या हंसांची ७,००० मीटरहून जास्त उंचीवर नोंद झालेली आहे, पण प्रवासाचा बराच भाग ते खोऱ्याखोऱ्यांतून जमेल तितकं खालून उडतात.

राहणारे: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

पक्षी इथे वीण करतोय का, हे ठरवायला पुरावा लागतो. एकदा गाणं ऐकलं तर ती फक्त शक्यता. त्याच बोरूवर आठवड्याने तोच बोरू वटवट्या पुन्हा गाताना सापडला तर हद्द धरलेली आहे. चोचीत काडी असेल तर घरटं चालू आहे. चोचीत किडे धरून पक्षी ते न खाताच उडाला तर पिलं आहेत. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना या पायऱ्यांसाठी वेगळे संकेत आहेत, ते वापरा.

टिबुकलीपासून सुरुवात करा. ती जवळ दिसते आणि तिला लपवालपवी नीट जमते. तिचं घरटं म्हणजे पाणवनस्पतींचा तरंगता ढीग, एखाद्या देठाला अडकवलेला. उबवणारी टिबुकली धोका दिसला की आधी उभी राहते, चोचीने भराभर ओलं शेवाळ आणि पानं अंड्यांवर ओढते, मग आवाज न करता पाण्यात सरकते आणि लांब कुठे तरी वर येते. उरतो तो कुजक्या कचऱ्याचा ढीग. अंडी मुळात पांढरट असतात, या ओल्या पांघरुणाने ती काही दिवसांत तपकिरी डागाळतात. असा ढीग आणि शेजारी अस्वस्थ टिबुकली दिसली तर दुर्बीण तिथून हटवून पाच मिनिटं दुसरीकडे बघा. ती परत येते, पाला बाजूला सारते, बसते. नंतर पिलं आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात. पंखांतून पट्ट्यापट्ट्यांचं डोकं बाहेर आलेलं दिसतं.

शेंडीवाल्या मोठ्या टिबुकलीची जोडी सापडली तर हलू नका. दोघं समोरासमोर येऊन माना झटकतात, बराच वेळ. मग दोघं बुडी मारतात, चोचीत पाणवनस्पती घेऊन वर येतात आणि छातीला छाती लावून जवळजवळ पाण्यावर उभे राहतात. हे दर वेळी पूर्ण होत नाही. बरेचदा एक जण मध्येच कंटाळल्यासारखा पिसं साफ करायला लागतो.

दलदली भोवत्यासाठी बोरूच्या बेटाकडे नजर. मादी उबवत असते तेव्हा नर शिकार आणतो. तो वरून हाक देतो, मादी गचपणातून उठते, त्याच्या खाली येऊन पाठीवर वळते आणि तो सोडलेला उंदीर हवेतच पकडते. सगळं दोन-तीन सेकंदांत. नंतर ती जिथे उतरते ती जागा लक्षात ठेवा आणि कुणाला दाखवू नका.

उघड्या चिखलावर शेकाट्या आणि टिटवी यांची घरटी म्हणजे नुसती खळगी. उन्हात हे पक्षी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात आणि त्या ओलाव्याने अंडी आणि पिलं थंड ठेवतात. काठावरून पाण्याकडे आणि पाण्याकडून त्याच ठिकाणी फेऱ्या मारणारी टिटवी बघितली तर बहुधा हेच चालू असतं. आणि एखादी टिटवी तुमच्या डोक्यावर ओरडत फिरत असेल किंवा पंख मोडल्याचं नाटक करत पुढे पळत असेल तर तुम्ही चुकीच्या जागी उभे आहात. पायाखाली बघत आल्या वाटेने मागे फिरा. अंडी शोधू नका; ती मातीच्या रंगाची असतात आणि शोधणाऱ्याच्याच पायाखाली जातात.

बगळ्यांकडे आपण सहसा दुर्लक्ष करतो. वसंतात तसं करू नका. वर्षभर मातकट दिसणाऱ्या वंचकाची पाठ गडद तांबूस-जांभळी होते. गाय बगळ्याच्या डोक्या-छातीवर केशरी रंग चढतो, छोट्या बगळ्याच्या पाठीवर झिरझिरीत तुरे येतात आणि डोळ्यापुढच्या उघड्या कातडीचा रंग काही दिवसांपुरता बदलतो. बायकांच्या टोप्यांवर लावायला याच तुऱ्यांसाठी एकोणिसाव्या शतकात बगळ्यांच्या वसाहतीच्या वसाहती मारल्या गेल्या. त्या व्यापाराला विरोध करायला १८८९ साली इंग्लंडमध्ये बायकांनीच सुरू केलेली संस्था पुढे आजची आर.एस.पी.बी. ही ब्रिटनमधली पक्षीसंरक्षण संस्था झाली.

काही राहणारे डोळ्यांना कधीच पुरते सापडत नाहीत. त्यांच्यासाठी पहाटे गचपणाजवळ दहा मिनिटं डोळे मिटून उभं राहावं. पाणलाव्याचा नर आपल्या हद्दीवर उंचावरून सूर मारतो तेव्हा शेपटीची बाहेरची पिसं थरथरून घुमल्यासारखा आवाज येतो. तो गळ्यातला नसतो. थंड प्रदेशांतल्या बोरूवनात मोठ्या बिटर्न बगळ्याचा खोल हुंकार काही किलोमीटरवरून ऐकू येतो आणि पक्षी मात्र तीस फुटांवर असूनही दिसत नाही.

पक्ष्यांपलीकडे

पाणमांजर बघायचं तर आधी त्याच्या खुणा बघा. काठावरच्या उंच दगडावर किंवा वाळूच्या उंचवट्यावर माशांचे खवले आणि काटे असलेली विष्ठा, ओल्या चिखलात पाच बोटांचे ठसे. पाण्यात बुडबुड्यांची सरळ रेघ पुढे सरकत असेल तर तिच्या पुढच्या टोकाकडे लक्ष द्या. पक्षीही चुगली करतात. वारकरी एका बाजूने दाट घोळका करून दुसरीकडे सरकू लागले की ज्या बाजूपासून ते लांब जातायत तिथे बघा. आकाशात घार-भोवत्या नसेल तर पाण्यात काही तरी आहे.

चतुर जन्मताना बघायचे तर सकाळची वेळ, पाण्यातून वर आलेले देठ. अळी रात्री किंवा पहाटे पाण्यातून वर चढते, देठाला घट्ट धरते, पाठीवरची कात फाटते आणि चुरगळलेल्या पंखांचा फिकट चतुर बाहेर येतो. पंख ताणून वाळायला तासभर तरी लागतो आणि तोवर तो उडू शकत नाही, म्हणून देठाला हात लावायचा नाही. मागे राहिलेली कोरडी कात मात्र निवांत बघा. तिच्यावरूनही जात ओळखता येते.

बेडकांसाठी पावसानंतरची रात्र. कासवांसाठी उन्हात आलेलं अर्धं बुडालेलं लाकूड, पण लांबूनच, कारण तुमची सावली पडली की सगळी एकदम पाण्यात.

अंतर

किती मीटर हा आकडा कुणी सांगितला तर विसरा. जातीजातीत आणि दिवसादिवसाला फरक पडतो. पक्षीच सांगतो. चरायचं थांबून मान वर केली, ही पहिली सूचना. शेजारचेही मान वर करून एका दिशेला चालू लागले, ही दुसरी. तिसरीची वाट बघू नये, ती उड्डाणाची असते. पहिल्या सूचनेलाच थांबा, दोन पावलं मागे या, खाली बसा.

मोबाइलवरून पक्ष्याचा आवाज वाजवू नका. विणीच्या काळात नर ते आव्हान समजतो आणि खाणं-पिणं सोडून प्रतिस्पर्धी शोधत बसतो. ड्रोन नको. घरट्याचा जवळून फोटो नको; वाट मोकळी करायला दोन काड्या बाजूला केल्या तरी कावळ्याला आणि सापाला दार उघडतं.

नोंद

वेळ, जागा, संख्या आणि एक ओळ वागणुकीची: 'मालगुजे ४०, निम्मे विटकरी, सतत चरत होते'. संख्या अंदाजे असली तरी लिहा. पाणथळ जागा जपण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारानुसार (इराणमधलं रामसर, २ फेब्रुवारी १९७१) एखाद्या पाणथळावर नियमित २०,००० पाणपक्षी असले, किंवा एका जातीच्या एकूण संख्येच्या एक टक्का तिथे येत असले, तर ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं ठरू शकतं. असे हिशेब मोजलेल्या नोंदींवरच उभे राहतात.

पायात रंगीत कडी किंवा झेंडी दिसली तर क्रम नीट लिहा: पक्ष्याचा डावा पाय, उजवा पाय, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, वरून खाली कोणते रंग, झेंडीवरची अक्षरं. डावा म्हणजे पक्ष्याचा डावा. फोटो असेल तर तो उलटा होत नाही ना हे तपासून पाठवा.

मेलेला पक्षी सापडला तर हात लावू नका, बर्ड फ्लूचा धोका असतो. जागा टिपून अभयारण्याच्या कर्मचाऱ्यांना कळवा. घरट्याची नोंद टाकताना नेमकं ठिकाण उघड करू नका, फोटोतलं लोकेशन काढून टाका आणि समाजमाध्यमांवर पिलं उडून गेल्यावरच लिहा.

आणि एकाच लपणात, एकाच वेळेला, दर आठ-दहा दिवसांनी जा. नवनव्या ठिकाणी भटकल्यावर यादी वाढते; पण कोण निघून गेलं, कोण नुसतं टेकलं होतं आणि कोण राहिलं, हे त्याच खिडकीतून पुन्हा बघितल्यावर समजतं.